डिव्हायडर धरून

पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूरजवळचा किणीचा टोलनाका सुटला की पुण्याकडं निघालेल्या गाड्या थोडा वेळ पांगतात आणि पुढं वारणेच्या पुलाच्या आसपास पुन्हा रांगेला लागतात. परवा सकाळी अशाच एका रांगेच्या तोंडाशी एक पांढरी हॅचबॅक होती. उजव्या लेनमध्ये, डिव्हायडरमधल्या कण्हेरीला खेटून, वेग सत्तर-पंचाहत्तरच्या दरम्यान. तिच्या मागं एक स्लीपर ट्रॅव्हल्स, दोन पिकअप, टोमॅटोचे क्रेट भरलेला टेम्पो आणि बाकीच्या मोटारी. डावी लेन नजर पोचेल तिथपर्यंत मोकळी. ट्रॅव्हल्सवाला डिपर मारून दमला, पिकअपवाल्यानं हॉर्न दाबून धरला आणि मग एकेक जण डावीकडून निघून गेला. जाताना प्रत्येकानं मान वळवून त्या गाडीत बघितलं. आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. कानाला फोन नाही, डोळ्यांवर झोप नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात, सीटबेल्ट लावलेला, मागच्या सीटवर घरची माणसं. माणूस अत्यंत जबाबदारीनं गाडी चालवत होता, आणि त्याच्यामुळं मागची अख्खी रांग चुकीच्या बाजूनं ओव्हरटेक करत होती.

खटकत राहिलं ते हेच. माजोरडा माणूस असता तर शिवी देऊन विषय संपला असता.

अशा माणसाला विचारलं तर त्याचं उत्तर तयार असतं आणि ते ऐकायला अगदी बरोबर वाटतं. मी मर्यादेत चाललोय, ज्यांना मरायची घाई आहे त्यांना मी का वाट देऊ? यात गफलत अशी, की उजवी लेन वेगवान गाड्यांसाठी राखलेली नाही. ती ओव्हरटेकसाठी आहे आणि उजवीकडं वळणाऱ्यांसाठी. ऐंशीनं जाणारा माणूस साठच्या ट्रकला मागं टाकत असेल, तर तेवढा वेळ उजवी लेन त्याची. ट्रक मागं पडला की ती त्याची उरत नाही, मग काटा ऐंशीवर असो की शंभरावर. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल १०० आणि मालवाहू गाडीला ८० ची मर्यादा आहे. राज्यं ती कमी करू शकतात, म्हणून जिथं जो फलक असेल तो पाळायचा. पण मागच्यानं मर्यादा मोडली तर त्याला पकडायला पोलिसांची वेग मोजणारी इंटरसेप्टर गाडी आहे, ई-चलन आहे. ते काम पुढच्या गाडीच्या डिकीवर सोपवलेलं नाही. शिवाय बहुतेक मोटारींचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवायची त्याला मुभाच नसते. काट्यावर ऐंशी असताना जीपीएस लावून बघा, पंचाहत्तर-सत्त्याहत्तर निघतात. म्हणजे मर्यादेचा हा रखवालदार मर्यादेच्या बराच खाली असतो आणि त्याला ते माहीतही नसतं. २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमावलीत ओव्हरटेक होत असताना वेग वाढवू नये, मागच्याला अडवू नये हे स्पष्ट आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा नियमभंगाला कलम १७७-अ खाली पाचशे ते हजार रुपये दंड आहे. प्रत्यक्षात या कारणासाठी पावती फाडलेला माणूस भेटणं अवघड. वेग कॅमेऱ्यात दिसतो. दुसऱ्याची वाट अडवणं फोटोत दिसत नाही, त्यासाठी दोन-चार मिनिटं त्या गाडीच्या मागं चालावं लागतं.

ओव्हरटेकचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. पुढं १२ मीटर लांबीचा ट्रक ८० नं चाललाय आणि मोटार १०० नं त्याच्या मागून येतेय. लेन बदलताना मागं ३० मीटर अंतर, पुढं गेल्यावर परत डावीकडं येताना ३० मीटर, त्यात ट्रकची आणि मोटारीची लांबी धरली तर साधारण ७६ मीटर जादा कापायचे. वेगातला फरक ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. चौदा सेकंदांत काम होतं आणि तेवढ्यात रस्ता संपतो पावणेचारशे मीटर. आता हाच ओव्हरटेक ८२ नं करा. फरक सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. सव्वादोन मिनिटं लागतात आणि तीन किलोमीटर रस्ता. त्या तीन किलोमीटरभर दोन्ही लेन बंद. उजवीकडच्या मोटारवाल्याला वाटतं, मी ओव्हरटेक करतोय. मागच्याला वाटतं, हा शेजारी शेजारी फिरायला निघालाय. दोघंही आपापल्या जागी खरे. म्हणून ओव्हरटेक करायचाच असेल तर आधी १५-२० चा फरक मिळेल का ते बघायचं. मर्यादेत राहून मिळत नसेल तर ट्रकच्या मागं तीन सेकंदांचं अंतर ठेवून डावीकडंच चालायचं. त्यात कमीपणा काही नाही आणि तीस किलोमीटरच्या टप्प्यात हरवतात फार तर दोन-चार मिनिटं.

ट्रकची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथं राग थोडा आवरता घ्यावा लागतो. २०१५ नंतरच्या बहुतेक नव्या मालवाहू गाड्यांना ८० वर बांधलेला वेगमर्यादक असतो. एकाचा ८० वर अडतो, दुसऱ्याचा ७८ वर. मागच्या भरलेल्या ट्रकनं ओव्हरटेक काढला की दोन मिनिटं आणि अडीच किलोमीटर कुणाच्याच हातात काही नसतं. मध्येच सोडून मागं यावं तर हातचा वेग जातो. पस्तीस-चाळीस टनांची गाडी पन्नासवर आली की पुन्हा ऐंशीला न्यायला गिअर, डिझेल आणि बराच रस्ता लागतो. ड्रायव्हरला डिझेलचा हिशोब मालकाला द्यायचा असतो, मागच्या मोटारवाल्याला नाही. त्यात आपल्याकडं ड्रायव्हर बसतो उजवीकडं. उजवा डिव्हायडर त्याच्या खिडकीखाली असतो, हातभर अंतर तो डोळ्यांनी मोजू शकतो. डावी बाजू त्याला आरशातच दिसते आणि केबिनच्या डाव्या अंगाला, दाराच्या खाली, मोटारसायकल काय, अख्खी मोटार लपेल एवढी आंधळी जागा असते. पूर्वी तिथं क्लीनर डोकं बाहेर काढून बसायचा, दारावर थाप मारून सांगायचा. आता कित्येक ट्रक एकट्या ड्रायव्हरवर चालतात. ज्या बाजूचं दिसत नाही त्या बाजूला जायला माणूस कचरतो. डिव्हायडर धरून चालणं त्याला सुरक्षित वाटतं, कारण उजवीकडून कुणी येणार नाही एवढी एक गोष्ट नक्की असते.

आणि डाव्या लेनमध्ये काय नक्की असतं?

शिरोली ते कागल एवढाच पट्टा घ्या. शिरोली एमआयडीसी, सांगली फाटा, पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेल, उचगाव, सरनोबतवाडी, पुढं गोकुळ शिरगाव एमआयडीसी, कणेरीवाडी. पाळी सुटायच्या वेळी गोकुळ शिरगावच्या आसपास डाव्या कडेनं उलट्या दिशेला येणाऱ्या मोटारसायकली बघाव्यात. पुढच्या पुलाखालून वळसा घालायचा कंटाळा, म्हणून दोन किलोमीटर समोरून. डबा हँडलला अडकवलेला आणि हेडलाइट बंद. त्याच कडेला वडापवाले, म्हणजे खासगी जीपवाले, माणसं भरायला थांबतात, एसटीची वाट बघणारे अर्धी लेन व्यापून उभे असतात. सर्व्हिस रोडवरून चढणारी गाडी बगल न देता, आरसा न बघता थेट मुख्य रस्त्यावर येते, कारण तिच्या ड्रायव्हरला येणाऱ्यांनीच थांबायचं असतं हे पक्कं माहीत असतं. पंक्चर झालेला ट्रक कडेच्या पट्टीवर निम्मा आणि लेनमध्ये निम्मा उभा राहतो. मागं त्रिकोण नसतो, झाडाची फांदी तोडून टाकलेली असते आणि चार दगड. ट्रक जातो, दगड तिथंच राहतात. जड वाहनांनी डाव्या लेनवर चाकांच्या दोन नाळ्या पाडलेल्या असतात. हलकी गाडी त्या नाळीत शिरली की स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. "तिकडं खड्डं हायती, हिकडंच बरं हाय पावणं," हे उत्तर ढाब्यावर कुणीही देईल आणि ते खोटं नसतं.

त्यात ऊस. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत या रस्त्याची डावी बाजू उसाची असते. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, पंधरा-वीसचा वेग, मोळ्या दोन्ही अंगांना ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या. त्यामुळं मागचे लाल दिवे असले तरी झाकलेले. अंगद गाड्या, म्हणजे ऊस वाहणाऱ्या छोट्या गाड्या, आणि बैलगाड्या त्याहून सावकाश. रात्री ऐंशीनं येणाऱ्याला समोर फक्त जास्त काळोख असलेली एक जागा दिसते. ८० आणि १५ यांतला फरक म्हणजे सेकंदाला १८ मीटर. लो बीममध्ये साठ मीटरवर ट्रॉली दिसली तर सव्वातीन सेकंद हातात. त्यातला दीड सेकंद ते ट्रॉली आहे हे ओळखण्यातच जातो. रिफ्लेक्टरची लाल पट्टी लावलेली असेल तर हीच ट्रॉली कितीतरी आधी उजळते. पट्टी ट्रॉलीच्या लोखंडी चौकटीवर लावून भागत नाही, मोळ्या तिला झाकतात. उसाच्या मागच्या तोंडावर आडवं कापड बांधून त्यावर लावली तरच उपयोग. हंगामात रात्री डाव्या लेननं जायचं असेल तर वेग साठ-पासष्टवर आणावा लागतो. तो आणायची तयारी नसते, म्हणून सगळा रस्ता उजवीकडं सरकतो.

जुन्या दुपदरी रस्त्यावर शिकलेल्यांची एक पिढी अजून चालवतेय, तिची सवयही यात आहे. चौपदरीकरणाच्या आधी हाच रस्ता डांबराची एक पट्टी होता. दोन्ही कडांना डांबर आणि मुरूम यांत वीतभराची पायरी. चाक त्या पायरीवरून घसरलं की गाडी परत वर घेताना आडवी व्हायची. म्हणून शहाणा ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमध चालायचा आणि समोरून कोणी आलं की तेवढ्यापुरता डावीकडं व्हायचा. गगनबावडा किंवा राधानगरीच्या रस्त्यावर आजही तसंच चालवतात आणि तिथं ते समजण्यासारखं आहे. चौपदरी रस्त्यावर समोरून कुणी येतच नाही. मग डावीकडं व्हायची वेळही येत नाही. जो हात आयुष्यभर समोरच्या गाडीला बघून वळला, तो मागच्या गाडीला बघून वळत नाही.

मागचं बघायला आरसे लागतात आणि कोल्हापुरातल्या आरशांची कथा पेठांत सुरू होते. शिवाजी पेठेतली किंवा मंगळवार पेठेतली गल्ली, एका बाजूला रिक्षा, दुसऱ्या बाजूला कट्टा. डावा आरसा मिटवल्याशिवाय गाडी निघत नाही. तो मिटलेला आरसा तावडे हॉटेलपर्यंत तसाच येतो आणि पुढं कराडपर्यंतही. काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वस्त मोटारींना डावा आरसा यायचाच नाही, त्यामुळं त्याच्यावाचून चालवायला कित्येकांचे डोळे सरावलेत. ओव्हरटेकनंतर डावीकडं परत यायला हाच आरसा लागतो. तो नसला की परत येण्याची भीती वाटते. भीती वाटली की माणूस उजवीकडंच राहतो. आणि राहिला की मग पुढच्या ट्रकसाठी पुन्हा उजवीकडं यावंच लागणार असं स्वतःला समजावतो, तो ट्रक दीड किलोमीटर लांब असला तरी. आरसे लावण्याची रीत सोपी आहे. दोन्ही बाहेरच्या आरशांत स्वतःच्या गाडीची कड फक्त बोटभर दिसावी, क्षितिज मध्यावर यावं. परत येताना आतल्या आरशात मागं टाकलेल्या गाडीचे दोन्ही हेडलाइट आणि तिच्या चाकांखालचा रस्ता दिसला पाहिजे. मग डावा इंडिकेटर, डाव्या खांद्यावरून एक नजर आणि सावकाश लेन बदलायची. नुसता डावा आरसा बघून उपयोग नाही, कारण तो बहिर्वक्र असतो, गाड्या आहेत त्यापेक्षा लांब दाखवतो. ड्रायव्हिंग स्कूल यातलं काही शिकवत नाही. तिथं आठ आणि एच शिकवतात, लायसन्स त्यावर मिळतं आणि बंगळूरला जायला ते चालतं.

मागच्यांचं काय? त्यांच्या बाजूनं बोलायला सुरुवात केली होती, पण ते काही फार गुणाचे नाहीत. उजवी लेन अडली की पहिली चूक म्हणजे पुढच्याच्या बंपरला जाऊन चिकटणं. शंभराच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. सावध माणसाचा पायसुद्धा ब्रेकवर पोचायला सेकंद-दीड सेकंद घेतो, म्हणजे चाळीस मीटर ब्रेक न लागताच गेले, आणि कोरड्या रस्त्यावर पुढं थांबायला अजून पन्नास-साठ. चिकटल्यानं पुढचा माणूस बाजूला होत नाही, उलट बिचकतो किंवा हट्टाला पेटतो. हट्टाला पेटला की वेग पाचानं वाढवतो, नाहीतर ब्रेकला नुसता पाय लावून लाइट दाखवतो. बरं, चिकटल्यावर ट्रकच्या आरशात आपण दिसतही नाही. साधा नियम असा की ट्रकचे दोन्ही आरसे आपल्याला दिसत नसतील तर ड्रायव्हरला आपण दिसत नाही. तेव्हा तीन सेकंदांवर राहायचं. पुढची गाडी एखाद्या फलकाजवळून गेली की एक हजार एक, एक हजार दोन असं मोजायचं, फलक आपल्याजवळ यायच्या आत तीन व्हायला हवेत. मग उजवा इंडिकेटर चालू ठेवायचा आणि एकदाच, छोटा डिपर. दहा-पंधरा सेकंद थांबून पुन्हा एकदा. दिवसा डिपर चालतो, हॉर्न बंद काचांच्या आणि गाण्याच्या आत पोचत नाही. महाराष्ट्रात २०१५ साली ट्रकच्या मागून 'हॉर्न ओके प्लीज' काढायला लावलं, तरी सवय आहे तिथंच आहे. रात्री अप्पर लावून मागं चालणारा तर स्वतःच्याच वाटेत काळोख करतो, कारण पुढच्याचे आरसे उजळले की त्याला डावीकडचं काहीच दिसेनासं होतं.

ट्रकच्या इंडिकेटरवर भरवसा ठेवू नये. डावा इंडिकेटर देऊन 'जावा' म्हणणारे आहेत, उजवा देऊन 'इकडून जावा' म्हणणारेही आहेत आणि उजवा देऊन खरोखरच उजवीकडं वळणारे आहेत. एमएच-०९, केए-२२ आणि आरजे पाटीच्या ट्रकांत यावर एकमत नाही. इंडिकेटरऐवजी पुढचं चाक बघावं. ट्रक वळण्याआधी चाक तिरकं व्हायला लागतं आणि लेनच्या पांढऱ्या रेघेकडं सरकतं.

एवढं करूनही वाट मिळाली नाही तर डावीकडून जावं का? नियम सांगतो की नाही, अपवाद फक्त पुढचा उजवीकडं वळत असेल तर. २०१९ नंतर चुकीच्या रीतीनं ओव्हरटेक करणं कलम १८४ च्या धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं, पहिल्या गुन्ह्यालाही हजार ते पाच हजार दंड किंवा कैद होऊ शकते. तरी या रस्त्यावर दिवसाला हजारो लोक डावीकडून जातात, हे झाकून बोलण्यात अर्थ नाही. डावीकडून जाण्यात धोका नेमका कुठं आहे? उजवी लेन अडवून बसलेल्याला कधीतरी उपरती होते, आणि ती नेमकी आपण त्याच्या डाव्या दाराशी असताना होते. हॅचबॅकवाल्यानं डावा आरसा मिटवलेला असतो. ट्रकला तर ती आंधळीच बाजू. त्यात उन्हाळ्यात रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेल्या, टायरचं साल सुटतं. एप्रिल-मे महिन्यांत डांबरावर काळी लांब रबरी सालं पडलेली दिसतात ती तीच. असं साल शेजारच्या मोटारीच्या काचेवर बसलं तर काच राहत नाही. म्हणून कुठल्याही बाजूनं असो, ट्रकच्या चाकांच्या रेषेत रेंगाळायचं नाही. मागं राहायचं, नाहीतर पूर्ण पुढं जायचं. यात नियम पाळणाऱ्याला एकच मार्ग उरतो, मागं राहणं, आणि तोच सगळ्यात जास्त चिडचिड करणारा आहे, हे मान्य.

एक हळू गाडी मागच्यांचं काय करते, याचा २००८ साली प्रसिद्ध झालेला एक जपानी प्रयोग आहे. २३० मीटरच्या वर्तुळाकार वाटेवर २२ गाड्या, सगळ्यांना सारख्याच वेगानं चालायला सांगितलेलं. सिग्नल नाही, खड्डा नाही. थोड्या वेळात कुणाचा तरी वेग किंचित कमी-जास्त झाला, मागच्यानं जरा जास्त ब्रेक लावला, त्याच्या मागच्यानं अजून जास्त, आणि गाड्या जागेवर थांबायला लागल्या. थांबण्याची ती लाट उलट्या दिशेनं फिरत राहिली. उंब्रजजवळ विनाकारण रांग लागते, आपण तिथं पोचतो तेव्हा ना अपघात दिसतो ना काम, तेव्हा हे आठवतं. ज्यानं सुरुवात केली तो तोवर साताऱ्यात चहा पीत असतो.

पावसाळ्यात मात्र उजव्या लेनची मक्तेदारी निसर्गच मोडतो. जूननंतरच्या कोल्हापूरच्या पावसात पाणी कुठं साठतं हे रस्त्याच्या उतारावर ठरतं. सरळ रस्त्यावर प्रत्येक बाजूच्या डांबराला डावीकडं शेकडा अडीचच्या आसपास उतार असतो, पाणी कडेला जातं. उजव्या वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्ता उलटा, डिव्हायडरकडं कलता केलेला असतो. तिथं पाणी डिव्हायडरच्या अंगाला येतं. डिव्हायडरमधल्या जाळ्या माती, कण्हेरीचा पाला आणि गुटख्याच्या पुड्यांनी बुजलेल्या असल्या की उजव्या लेनमध्ये तळं होतं आणि रात्री ते दिसत नाही. उजवी चाकं त्यात शिरली की गाडी डिव्हायडरकडं ओढली जाते. तेव्हा ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, अॅक्सिलरेटर सोडायचा, चाकांना डांबर लागेपर्यंत थांबायचं. ट्रेड झिजून दीड-दोन मिलिमीटरवर आलेल्या टायरला हे साठ-सत्तरच्या वेगातही होतं. आणि त्याच पावसात चारही इंडिकेटर लावून चालणारे असतात. त्यांना वाटतं आपण दिसतोय. दिसतात खरे, पण लेन बदलणार आहेत की नाही हे सांगायची सोय त्यांनी स्वतःच घालवलेली असते. पावसात लो बीम लावावा, एवढं पुरतं.

निपाणीच्या पुढं तवंदीचा घाट, इकडं साताऱ्यापलीकडं खंबाटकी. घाटात डावी लेन जड गाड्यांची, हे तिथं गेल्यावर पटतं. चढाला भरलेला ट्रक पंचवीसनं चढतो आणि तीसवाला त्याला ओव्हरटेक काढतो तेव्हा पाऊण मिनिट दोन्ही लेन बंद. ते एकवेळ चालेल, वेग कमी असतो. उताराचं तसं नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं हा जुन्या ड्रायव्हरांचा हिशोब आजही बरोबर आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकचं सगळं वजन ब्रेकच्या ड्रमवर येतं, ड्रम तापतो, लायनर धरेनासा होतो. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर काय होतं ते सगळ्यांनी वाचलेलं आहे. अशा वेळी उतारावर उजवी लेन अडवून बसलेली मोटार शिष्टाचार मोडते एवढंच नाही. ब्रेक गेलेल्या गाडीला उरलेली शेवटची मोकळी वाटही ती बंद करते. रबर जळाल्याचा वास आला, मागं सतत एअर हॉर्न ऐकू आला, तर कोण बरोबर कोण चूक हे न बघता डावीकडं सरकायचं. अँब्युलन्सचं तेच. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाकडं येणाऱ्या अँब्युलन्सला उजवी लेन पूर्ण मोकळी मिळाली पाहिजे, जो तो वेगवेगळ्या बाजूला वळला की ती मध्ये अडकते. वाट न दिल्यास कलम १९४-ई खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कलम लक्षात ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच बाजूला, म्हणजे डावीकडं व्हायचं हे लक्षात ठेवलेलं बरं.

उजव्या लेनमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांचाही विचार करावा लागतो. पेट्रोल पंप, हॉटेल, शेत यांच्या समोर डिव्हायडर फोडून वाटा पाडलेल्या असतात. पलीकडं वळायला ट्रॅक्टर किंवा ट्रक डिव्हायडरच्या फटीत तोंड घालून थांबतो आणि त्याचं ढुंगण उजव्या लेनमध्ये राहतं. कण्हेर वाढलेली असली तर तो वळणावर दिसतच नाही. म्हणजे सतत उजवीकडून चालणाऱ्याला वाटतं तेवढी ती बाजू सुरक्षितही नाही. दोन्ही लेनमध्ये धोका आहे, फक्त डाव्या लेनमधला डोळ्यांना दिसतो. मला विचाराल तर ढाब्यावरचं ते 'हिकडंच बरं हाय' हे उत्तर ट्रकवाल्याच्या तोंडी निम्मं पटतं. डावी लेन मोकळी, सपाट, दिवसाची वेळ, आणि तरी डिव्हायडर धरून बसलेल्या मोटारवाल्याच्या तोंडी अजिबात पटत नाही.

सातारा ते कागल रस्ता सहापदरी होतोय. जिथं काम चालू आहे तिथं वळवलेल्या वाटा, बॅरिकेड आणि धूळ यांत लेन हा प्रकारच शिल्लक नाही, तिथं गप रांगेत चालावं. काम झालेल्या पट्ट्यात तीन लेन मिळतात आणि तिथं नवाच खेळ दिसतो. पूर्वी जो उजवीकडं बसायचा, तो आता मधल्या लेनमध्ये बसतो. त्याला वाटतं आपण कुणालाच अडवत नाही, दोन्ही बाजूंनी जायला जागा आहे. पण डाव्या लेनमधून नव्वदनं येणाऱ्याला मध्ये सत्तरनं चाललेली गाडी नियमानं ओलांडायची तर दोन लेन उजवीकडं जायचं आणि दोन लेन डावीकडं परत यायचं. चार वेळा आरसा, चार वेळा इंडिकेटर. एवढं कुणी करत नाही, सगळे डावीकडून सटकतात, आणि तिकडून कडेच्या पट्टीवरनं मोटारसायकल येतच असते. तीन लेनचा हिशोब मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर फलकांवर लिहिलेला आहे. जड वाहनं डावीकडं, मोटारी मध्ये, उजवी फक्त ओव्हरटेकला. इथं एक्सप्रेस वे नाही, मोटारसायकल, ट्रॅक्टर, बैलगाडी सगळ्यांना हाच रस्ता. म्हणून सावकाश जाणाऱ्या मोटारीनं डावी मोकळी दिसली की डावीकडंच यावं, पुढं ऊस किंवा ट्रक दिसला की शंभर-दीडशे मीटर आधी मध्ये जावं, आणि तो मागं पडला की परत यावं. इंडिकेटरचा बल्ब त्यानं लवकर उडत नाही.